उसन्या वयाचं घर

आमच्या बाबांना घर बांधायचं होतं आणि पंचांगाने त्यांचं वय नापास केलं.

घर म्हणजे काही बंगला नव्हे. तरंगतं घर. खाली रिकामी पिंपं, वर बांबू-लाकडाची चौकट, फळ्यांची जमीन, पत्र्याचं छप्पर. चार कोपऱ्यांना जमिनीत रोवलेले उंच खांब, आणि घराला जोडलेल्या लोखंडी कड्या त्या खांबांत ओवलेल्या. एरवी ते अंगणात खुडूक कोंबडीसारखं बसून असतं. पूर आला की पाण्याबरोबर खांबांच्या आधाराने वर चढतं, पाणी ओसरलं की होतं तिथे येऊन टेकतं. आमच्या तान होआ गावात आता बहुतेकांकडे आहे, कारण आमचं खोरं म्हणजे चारी बाजूंनी चुनखडीच्या कड्यांनी घेरलेली कढई. पाणी आत यायला अख्खी नदी, आणि बाहेर जायला डोंगरातलं एक भुयार. दरसाल पावसाच्या शेवटी कढई भरायचीच.

आमच्याकडे तेवढं नव्हतं. का, तर बाबा. माझे वडील लाम यांचं म्हणणं ठरलेलं, "कडा काय पळून चाललाय? चढायचं, गुहेत बसायचं, पाणी उतरलं की खाली यायचं. माझ्या आज्याने हेच केलं." आज्याचे गुडघे कसे होते हे कुणी विचारलं नाही.

आईचे गुडघे मात्र गेल्या पुरात बोलले. अर्धा कडा चढल्यावर ती एका खडकावर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी इथेच बरी." पाणी खाली दिसत होतं आणि चढत होतं. माझा नवरा दूर सायगॉन शहरात बांधकामावर असतो, त्यामुळे हाताशी मी आणि बाबाच. आम्ही दोघांनी तिला कसं वर ओढलं ते आमचं आम्हाला माहीत. घरी आल्यावर चिखल उपसताना बाबा म्हणाले, "थोम, पुढच्या पुराच्या आत तरंगतं घर झालं पाहिजे. तुझी आई पुन्हा कडा चढायची नाही."

इतकी साधी गोष्ट होती. पण आमच्याकडे एक जुनी म्हण आहे: म्हैस घेणं, बायको आणणं आणि घर बांधणं, या तीन कामांत पुरुषाचा कस लागतो. म्हणून ही तिन्ही कामं पंचांगवाल्या गुरुजींना विचारल्याशिवाय कुणी करत नाही. गुरुजींनी बाबांचं जन्मसाल विचारलं, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि चेहरा आंबट केला.

"यंदा नको. यंदा तुझ्या वयाने घर उभं राहिलं, तर ते घरधनिणीवर बेतेल."

बाबांचा चेहरा पडला. ज्या बायकोसाठी घर, तिच्यावरच बेतणार.

"पुढल्या वर्षी?" मी विचारलं.

"पुढल्या वर्षी उत्तम. पण पूर काय पुढल्या वर्षापर्यंत थांबणार आहे? वय उसनं घ्या."

यात नवं काही नव्हतं. ज्याचं वय त्या वर्षी चांगलं, तो देवासमोर घराचा मालक म्हणून उभा राहतो. पहिली कुदळ तो मारतो, आढं तो चढवतो, आणि त्या वेळी खऱ्या मालकाने नजरेआड व्हायचं. घर झालं की चांगला दिवस बघून खरा मालक ते घर त्याच्याकडून लटकंच विकत घेतो. तोवर खऱ्या मालकाने मालक म्हणून आत पाऊल टाकायचं नाही. "आणि ज्याचं वय घ्याल," गुरुजी म्हणाले, "त्याला त्या वर्षी दुसऱ्याचं किंवा स्वतःचंही घर बांधता येत नाही. एका वर्षी एका वयावर एकच घर. आधी नीट विचारून घ्या."

गावात यंदा ज्यांचं वय चांगलं अशी माणसं शोधली. एकाच्या घरी सुतक होतं. एकाने आधीच पुतण्याला वय देऊन टाकलं होतं. उरले ख्वात काका, आमचे शेजारी, बाबांहून वर्षाने मोठे.

बाबा आणि ख्वात काका यांच्यात एक रेडा होता. म्हणजे आता नव्हता, हीच भानगड होती. मोठ्या पुराच्या साली सगळे कड्यावर पळाले तेव्हा बाबांचा रेडा खुंट्याला बांधलेलाच राहिला. सगळ्यांत शेवटी निघालेल्या ख्वात काकांनी विळ्याने त्याचा दोर कापला, म्हणजे बिचारा पोहून तरी जगेल. रेडा पोहला, आणि जो गेला तो आजतागायत परत आला नाही. बाबांचं म्हणणं, "माझा रेडा घालवला." काकांचं म्हणणं, "बुडत होता तो वाचवला. कुठेतरी मजेत असेल. तुझ्यापेक्षा बरा धनी मिळाला असेल." तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. मधे नुसतं जास्वंदीचं कुंपण, आणि निरोप्या मी. "थोम, तुझ्या बापाला सांग, त्याची कोंबडी माझ्या अळूत शिरलीय." "थोम, त्यांना सांग, कोंबडीला पाय आहेत, दोर कापावा लागत नाही." माझं अर्धं आयुष्य या कुंपणापाशी गेलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी कोण आणि गाढव कोण हे मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. बाबा विड्याचं तबक घेऊन निघाले. आई काठी टेकत मागून आली, म्हणाली, "तुम्ही एकटे गेलात तर रेड्याचं काढाल."

काका घरी एकटेच होते. काकू मुलीच्या बाळंतपणाला शहरात गेलेल्या. मागच्या केळीत निळी पिंपं केळीच्या पानांनी झाकून ठेवलेली मला दिसली. "ही कशाला, काका?" मी सहज विचारलं. "दारू गाळायला," काका म्हणाले, "तुझ्या बापाला सांगू नकोस, रोज येऊन बसेल." बाबा तिथेच उभे होते.

तबक पुढे ठेवून बाबा बराच वेळ घसा खाकरत राहिले.

"बोल की," काका म्हणाले. "का थोमला सांगतोस आणि ती मला सांगते?"

"ख्वात... दादा," बाबांनी कसाबसा शब्द बाहेर काढला. "तुझं वय हवं होतं. यंदापुरतं."

"माझं वय! दात, केस, कंबरदुखी, सगळ्यासकट नेणार का नुसतंच?"

बाबा उठायच्या बेतात होते. तेवढ्यात आई दारातल्या पायरीशी पोचली. एका पायरीसाठी तिने काठी टेकली, दाराची चौकट धरली, श्वास घेतला, आणि मग पाऊल उचललं. काका ते बघत होते. त्यांचं हसणं थांबलं. एकदा केळीकडे नजर गेली, आणि त्यांनी तबकातला विडा उचलून तोंडात टाकला.

"दिलं," ते म्हणाले. "वहिनी, बसा हो. घर माझं, तेव्हा दार मी सांगेन त्या दिशेला."

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. घर पाहावं बांधून म्हणतात. दोन मालकांचं घर पाहावं बांधून. पहिल्या कुदळीच्या दिवशी बाबांना नियमाप्रमाणे नजरेआड व्हायचं होतं, ते झाले कुंपणाच्या पलीकडे, काकांच्याच अंगणात. तिथून जास्वंदीतून डोळा लावून सगळं बघत होते आणि मला हाका मारत होते.

"थोम! त्यांना सांग, खांब अजून खोल!"

"काका, खांब अजून खोल म्हणतात."

"मालक कोण आहे विचार."

"बाबा, मालक कोण आहे विचारतायत."

पलीकडे बाबा काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही. ते बरंच झालं.

पिंपं कमी पडली तेव्हा काकांनी आपली निळी पिंपं कुंपणावरून गडगडत आणली. "घ्या. दारू गाळणं बायकोने बंद केलंय," म्हणाले. खरं भांडण जुंपलं ते लोखंडी कड्यांवरून. बाबांना वाटे, कडी खांबाला घट्ट बसलेली हवी, म्हणजे घर हलणार नाही. काकांनी मुद्दाम सैल कड्या बसवल्या. वारा आला की घर खडखडायचं आणि बाबा तळमळायचे.

"थोम, त्यांना सांग, हे घर आहे की गाईच्या गळ्यातली घंटा?"

काकांनी या वेळी मला मधे घेतलंच नाही. कुंपणावरून थेट ओरडले, "अरे लाम, घट्ट केली तर पाणी चढताना घर खांबाला अडकून बसेल आणि तिथेच बुडेल! सैल राहू दे. खडखडू दे. खडखडतंय तोवर चालतंय असं समज!"

त्या दिवसानंतर मात्र वारा सुटला की बाबा कान देऊन ऐकायचे. मी पाहिलंय.

घर झालं. गुरुजींनी ते परत घ्यायचा मुहूर्त काढला, नवव्या चांद्र महिन्यातला. त्याच्या आत चांगला दिवसच नव्हता म्हणे. आभाळाने पंचांग वाचलेलं नसावं. आठव्या महिन्यातच पावसाने ठाण मांडलं, आणि एका दुपारी नदी मक्याच्या शेतांतून चालत आमच्या अंगणात आली.

मी आईला उचलून तरंगत्या घरात बसवलं. तिच्यामागून धान्य, चूल, मक्याच्या उकडीचं भांडं, पूर्वजांच्या देव्हाऱ्यातली धूपदाणी, कोंबड्या. बाबा सगळं हातात देत होते, पण उंबऱ्याच्या बाहेरून. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं होतं.

"या आता आत," मी म्हणाले.

"मी कड्यावर जातो. तुम्ही दोघी इथे राहा."

"बाबा, वेड लागलंय का?"

"अजून घर परत घेतलेलं नाही. मी आत पाऊल टाकलं आणि तुझ्या आईला काही झालं तर?" त्यांचा आवाज फाटला. माझा राग तिथल्या तिथे विरला. इतके दिवस मला वाटत होतं हा माणूस नुसता हट्टी आहे; तो घाबरलेला होता.

आई आतून म्हणाली, "अहो, तुम्ही आत आलात तर मला बाधेल, आणि त्या निसरड्या कड्यावरून एकटे पडलात तर काय मला बाळसं येणार आहे?"

बाबा होडीचा दोर सोडायला लागले. तेवढ्यात पलीकडून ख्वात काका आपली होडी वल्हवत आले. डोक्यावर टोपी, पुढ्यात एक बोचकं. आमच्यासमोर येऊन थांबले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं असावं.

"हे घर कुणाचं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"तुमचं, काका," मी म्हणाले.

"मग माझ्या दारात हा बाप्या पाण्यात का उभा आहे? लाम, पाहुणा म्हणून ये. पाहुण्याला कसलं आलंय वय आणि कसलं पंचांग!"

बाबा थबकले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गुरुजी पाहुण्याबद्दल काही बोलले होते का गं?"

"काहीसुद्धा नाही."

"नाही ना?"

"मालकाने मालक म्हणून जायचं नाही, एवढंच म्हणाले होते."

बाबांनी मग पुराच्याच पाण्यात पाय धुतले, आत आले, आणि पाहुण्याने बसावं तसे दाराजवळ मांड्या घालून अवघडून बसले. काकांनी आपलं बोचकं सोडून किटली काढली, आमच्याच चुलीवर हिरव्या पानांचा चहा उकळला आणि पेला बाबांपुढे दोन्ही हातांनी धरला. "घे. आमच्याकडे असंच असतं साधं."

"छान आहे घर," बाबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आई पदर नव्हता म्हणून टोपलीत तोंड खुपसून हसत होती.

त्याच वेळी पायाखालची जमीन उचलली गेली. चारी कोपऱ्यांतून खडखडाट झाला, आणि कड्या खांबांवरून वर सरकायला लागल्या. खिडकीतली जास्वंद खाली खाली गेली. बाबा कान देऊन ऐकत होते. ओठातल्या ओठात म्हणाले, "चालतंय."

काकांनी रिकामा पेला उपडा घातला. "बरं, बसा तुम्ही. मी निघतो कड्यावर. वाटेत डुकरीण सोडवायचीय, मागे उंचवट्यावर बांधलीय."

"मालक घर सोडून कुठे निघाले?" आई म्हणाली.

"अहो वहिनी, इथे तुमचंच तिघांचं कसंबसं..."

"चौथ्याला जागा आहे. भावजी, ती निळी पिंपं कशाला होती?"

"सांगितलं ना, दारू..."

"जाऊबाईंनी तुम्हाला कधी थेंब गाळू दिलाय? केळीत झाकून ठेवली होतीत. यंदा तुमचं वय चांगलं होतं. तुम्ही स्वतःचं घर बांधणार होतात."

काका टोपी हातात फिरवत राहिले. बाबांनी मान वर केली. गुरुजींचं बोलणं माझ्या कानात तेव्हा कुठे नीट शिरलं: एका वर्षी एका वयावर एकच घर. आम्ही ज्यावर बसलो होतो ती पिंपंसुद्धा त्यांच्या घराची होती.

"घर काय, मागाहूनही होतं," काका शेवटी म्हणाले. "गुडघे थोडेच मागाहून येतात?"

मला रडू आलं. लपवलंही नाही.

बाबा उठले आणि काकांच्या होडीत जाऊन बसले. "चल. डुकरीण आणू."

मी आमची होडी घेऊन मागोमाग गेले, कारण या दोघांना एका होडीत सोडणं म्हणजे पुराहून मोठा धोका. उंचवट्याचा आता जेमतेम माथा उरला होता आणि त्यावर डुकरीण उभी राहून अख्ख्या खोऱ्याला शिव्या घालत होती. पाण्याने फुगलेली गाठ सुटेना. बाबांनी काकांच्या कमरेचा विळा ओढला, एका हाताने दोर मनगटाला गुंडाळला आणि मग खुंट्याजवळ कापला. डुकरीण पाण्यात उडी मारून निघाली, आणि बाबांनी तिला तिथेच रोखलं.

"बघितलंस?" ते काकांना म्हणाले. "दोर असा कापतात. कापल्यावर दुसरं टोक हातात ठेवायचं असतं!"

"त्या दिवशी माझ्या हातात तुझी झोपलेली पोरगी होती!" काका ओरडले. "ही! ही थोम! रेडा धरू का हिला धरू?"

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मला आठवत होता तो फक्त पाऊस आणि कुणाच्या तरी खांद्याचा वास. बाबांनाही आठवलं असावं, कारण ते दोर हातात धरून नुसते उभे राहिले, आणि डुकरीण त्यांना ओढत होती.

पूर उतरेपर्यंत आम्ही चौघं आणि डुकरीण त्या घरात राहिलो. डुकरिणीने आईच्या उशाला जागा पटकावली. काका मालकीचा पुरेपूर वापर करत होते. "पाहुणे, जरा सरका. पाहुणे, पाय आवरा." बाबा निमूटपणे सरकत होते. दोघं बोलत मात्र होते, थेट, माझ्याशिवाय. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

मग मुहूर्ताचा दिवस आला. चिखल धुऊन झाला होता, घर जागच्या जागी टेकलं होतं. गुरुजी आले, उकडलेली कोंबडी आणि चिकट भात मांडला, उदबत्त्या बाबांच्या हातात दिल्या. आता बाबांनी एवढंच म्हणायचं होतं, की हे घर मला विका. काकू परत आल्या होत्या. त्यासुद्धा बघायला थांबल्या.

बाबा म्हणाले, "गुरुजी, पुढल्या वर्षी माझं वय चांगलं आहे ना?"

"आहे. पण आता त्याचं काय?"

"मग यंदा मी घर परत घेत नाही."

गुरुजींच्या हातातला चमचा खाली पडला. "अरे, म्हणजे?"

"म्हणजे, पुढल्या वर्षी माझ्या वयावर ख्वातदादाचं घर उभं करू. तिथे मालक मी. तोवर या घराचा मालक हा. पाणी आलं की मालक घरात हवा. मालकाला कड्यावर जाऊ देणारा मी कोण?"

"असं पंचांगात कुठे नाही!"

"नको असंही कुठे लिहिलेलं नाही ना?" बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. "दोन्ही घरं एकाच दिवशी परत करू. एकाच कोंबडीत भागेल."

काकूंनी तोंडावर हात धरला. काका धूपदाणीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आणि तोवर तू कोण?"

"पाहुणा."

वारा आला आणि चारी कड्या खडखडल्या. बाबांनी उदबत्त्या धूपदाणीत खोचल्या.

"लाम," काका हळूच म्हणाले, "तो रेडा जिवंत असेल हं."

"असेल की," बाबा म्हणाले. "कुणीतरी ठेवला असेल पाहुणा म्हणून."